आई, इथेच बस

"'आनंद' नको," सुट्टीप्रमुख बाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी आपण फलकावर 'आनंद' लावला आणि ब्लँकेटं तशीच पडून राहिली."

बैठकीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. पडून राहिलेल्या ब्लँकेटांचा विषय निघाला की त्या मजल्यावर माना आपोआप डोलत.

"मग 'प्रेम'?" कोणीतरी चाचपून पाहिलं.

"प्रेम अत्तरवाल्यांनी घेतलंय. तळमजल्यावर."

"आपुलकी?"

"गालिचे."

"'सुट्टी' असं साधं लिहिलं तर?"

यावर बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. दुकानाने त्यांना सुट्टीप्रमुख नेमल्यापासून त्यांनी स्वतः एकही सुट्टी घेतलेली नव्हती, त्यामुळे हा शब्द त्यांना जरा लागत असे.

टेबलाच्या टोकाला बाणवाला पेन्सिल धरून बसला होता. दुकानातल्या झाडून सगळ्या पाट्या, फलक आणि दिशादर्शक बाण त्याच्या हातचे, म्हणून हे नाव. शहरातलं ते सगळ्यात मोठं दुकान, घराण्याची मुख्य शाखा. इतर शहरांतल्या शाखा वर्षअखेरच्या सुट्ट्या जवळ आल्या की इथल्या खिडक्यांचे फोटो मागवून तशाच खिडक्या सजवत. म्हणजे बाणवाल्याने एखादा तारा तिरका लावला, तर तो बऱ्याच गावांत तिरका लागे. याचा त्याला अभिमान होता. तळघरात, सरकत्या जिन्याच्या मोटारीशेजारी बसणाऱ्या माणसाला तो तरी कुठे दाखवता येणार, म्हणून त्याने तो कोणाला दाखवला नव्हता.

"बाई, दर्शनी फ्लेक्सचं काय करू?" त्याने विचारलं. दर्शनी फ्लेक्स म्हणजे दुकानाच्या तोंडावर गच्चीपासून दरवाजापर्यंत सोडायचा तो प्रचंड फलक. "फ्लेक्सवाला उद्या सकाळी मशीन चालू करतोय. नंतर त्याच्याकडे गादीवाल्यांचं काम आहे."

"मजकूर ठरेल तेव्हा ठरेल. तुम्ही मांडणी पाठवा, मी मांडणी मंजूर करते."

मजकूर नसताना मांडणी करणं ही बाणवाल्याची निम्मी नोकरी होती. अशा वेळी इतर लोक 'येथे मजकूर येईल' असं लिहून मोकळे होतात. तो तसं कधी करत नसे. त्याचं म्हणणं असं, की अर्थ नसलेल्या वाक्यावरून डोळा घसरतो. अक्षरं नीट बोलतायत की नाही ते कळायला कोणीतरी कोणालातरी खरोखर म्हटलेलं वाक्य हवं. म्हणून तो त्या दिवशी मनात असेल ते लिहून टाके आणि वरून लाल पट्टी मारे. लाल पट्टी म्हणजे डमी, छापू नका. आजवर त्या पट्ट्यांखाली 'गॅसचा नंबर लावायचा राहिला' आणि 'हा पंखा कोण दुरुस्त करणार' अशी बरीच मौलिक वाक्यं लपून गेली होती.

त्या दिवशी त्याच्या मनात आईची खुर्ची होती.

आई जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर. आयुष्यभर तिने अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून दिलं होतं. अलीकडे ओळखीची माणसंही तिला अनोळखी वाटू लागली होती. पण अनोळखी माणसांशी कसं बोलायचं हे ऑपरेटर असल्यामुळे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणून ते कोणाच्या चटकन लक्षात येत नसे. ती इतक्या अदबीने विचारी, "नमस्कार, कोण हवंय आपल्याला?" की समोरच्याला आपणच चुकीच्या घरी आलोय असं वाटे. दुधवाला दोनदा माफी मागून परत गेला होता.

ती घराबाहेर पडू लागली तेव्हा मात्र घाबरायची पाळी आली. पहिल्यांदा सापडली ती पोस्टात, काउंटरच्या आत. बाहेर लोक तिच्यापुढे रांग लावून उभे होते, ती सगळ्यांना थांबायला सांगत होती आणि कोणालाच काही वेगळं वाटलं नव्हतं. ते हसण्यावारी गेलं. दुसऱ्यांदा सापडली ती मोठ्या रस्त्याच्या मधल्या दुभाजकावर, गुडघा फुटलेली, दोन्ही बाजूंनी ट्रक. ते हसण्यावारी गेलं नाही.

त्या रात्री गुडघ्याला मलम लावून झाल्यावर ताईचा फोन आला होता. ताई म्हणजे बाणवाल्याची थोरली बहीण, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारी.

"आता बास," ती म्हणाली. "संस्थेत खोली मिळतेय. बाग आहे, नर्स आहे, दाराला कुलूप आहे."

"दाराला कुलूप माझ्याकडेही आहे."

"आणि तू दिवसभर तळघरात. मी काय हौस म्हणून सांगतेय का रे?"

"मी बघतो, ताई. मी सगळीकडे पाट्या लावतो. वाचते ती अजून. वाचलेलं ऐकते."

"आई आहे ती. तुझं गिऱ्हाईक नाही."

"गिऱ्हाईकं कुठे वाचतात."

ताई हसली नाही. म्हणाली, "बरं. एकदा, फक्त एकदा जरी पुन्हा बाहेर गेली, तरी मी येऊन तिला घेऊन जाणार. मग वाद नको."

"नाही घालणार."

आणि त्याने घर म्हणजे दुकान करून टाकलं. बाथरूमकडे बाण. स्वयंपाकघरात 'गॅस नको, हाक मार'. कपाटावर 'हे कपडे आपलेच आहेत'. आई खरोखर वाचायची आणि ऐकायची. एकदा तिने बाणाच्या पाटीपाशी थांबून, "किती सुबक काम केलंय हो," असं त्यालाच सांगितलं. इतकी दाद त्याला दुकानात कोणी दिली नव्हती. राहता राहिली होती ती खिडकीजवळची खुर्ची. दिवसा शेजारच्या काकू येऊन सोबतीला बसत. पण काकू दुपारी जेवल्या की त्यांचे डोळे त्यांचे राहत नसत. म्हणून त्या खुर्चीसमोर, खिडकीच्या चौकटीखाली लावायला त्याने सकाळीच उरलेल्या विनाइलमधून अक्षरं कापून घेतली होती: आई, इथेच बस. मी येतोच.

तेच वाक्य त्याने दर्शनी फ्लेक्सच्या मांडणीत टाकलं. निळी पार्श्वभूमी, वर तारा, खाली पांढरी अक्षरं, एकेका मजल्यावर एकदोन शब्द. वाक्य असं बसलं की तो स्वतःच दोन पावलं मागे सरकून बघत राहिला. मग लाल पट्टी मारायला हात पुढे केला, तेवढ्यात काकूंचा फोन.

"अरे, तुझे सगळे शर्ट दारात आणून ठेवलेत तिने. म्हणते, पाहुण्यांचं सामान आहे, गाडी येईल इतक्यात. मी काय सांगू?"

"सांगा गाडी उशिरा आहे. आलोच."

त्याने मांडणी पाठवली आणि तसाच निघाला. पट्टी राहिली ती राहिलीच.

संध्याकाळपर्यंत मांडणी सगळ्या टेबलांवरून फिरली. 'निळा छान.' 'तारा किंचित डावीकडे.' 'झकास.' सुट्टीप्रमुख बाईंनी 'मंजूर' लिहिलं, कारण त्यांनी मांडणी मंजूर करीन असं सांगितलं होतं आणि त्या शब्दाच्या पक्क्या होत्या. मजकूर मालकांनी परस्पर ठरवला असावा, असं बाईंना वाटलं. बाईंनी ठरवला असावा, असं मालकांना वाटलं. फ्लेक्सवाल्याला काहीच वाटलं नाही. त्याने छापला.

दोरी सोडली तेव्हा बाणवाला समोरच्या फुटपाथवर उभा होता. शेजारी कातरीवाला, म्हणजे तळघरातला त्याचा जोडीदार, जो विनाइलची अक्षरं कापायचा. फ्लेक्स वरून उलगडत आला. आधी तारा आला. मग सगळ्यात वरच्या मजल्यावर 'आई,' आली.

"तारा डावीकडे बरा दिसतोय," कातरीवाला म्हणाला.

'इथेच' उलगडला. 'बस' उलगडला. शेवटी अगदी दरवाजावर, खालच्या दांडीच्या वजनाने ताठ होत, 'मी येतोच' आलं.

"हे तुझ्या घरचं नाही का रे?" कातरीवाल्याने विचारलं. "परवा मीच कापून दिली ना अक्षरं?"

"हळू बोल."

"हळू काय बोलू? तूच एवढ्या मोठ्याने बोललायस."

नोकरी गेली असं धरून बाणवाल्याने मनातल्या मनात टेबलाचा खण रिकामा केला. पट्टी, पेन्सिली, चहाचा कप, बस. तेवढ्यात फुटपाथवरून एक माणूस आपल्या आईला घेऊन आला. दोघांनी मान वर करून फलक वाचला. माणसाने आईकडे पाहिलं. "वाचलंस ना?" म्हणाला आणि एकटाच आत गेला. म्हातारी मुकाट्याने दरवाजाशेजारच्या फुलांच्या कट्ट्यावर बसली.

दुपारपर्यंत त्या कट्ट्यावर जागा उरली नाही. शहरात इतक्या माणसांना आपली आई कुठे ठेवावी हा प्रश्न पडला असेल याची कोणाला कल्पना नव्हती. मुलगे, मुली, सुना, जावई, सगळे आपापली आई तिथे बसवत, वर बोट दाखवत आणि आत जाऊन निवांत खरेदी करत. आयांचंही बरं चाललं होतं. त्या एकमेकींना आपला मुलगा किती उशीर करतो ते सांगत, आणि यात एक चढाओढच लागली होती. सुट्टीप्रमुख बाईंनी बागेच्या सामानाच्या विभागातून बाकं आणवली. त्यांना किमतीच्या चिठ्ठ्या लटकत होत्या, त्यामुळे बसलेल्या आया विकायला ठेवल्यासारख्या दिसत. पण तक्रार कोणी केली नाही.

दोन दिवस त्याने धीर धरला आणि तिसऱ्या दिवशी बाईंच्या खोलीत गेला.

"तो फ्लेक्स उतरवायचा का?"

"उतरवायचा?" बाई म्हणाल्या. "बाणवाले, ब्लँकेटं संपली."

"नाही, पण ते वाक्य जरा घरगुती आहे."

"म्हणूनच चाललंय. मालक मला म्हणतात, काय सुचलं तुम्हाला. मी म्हणते, तुम्हालाच सुचलं. दोघंही नम्र आहोत, त्यामुळे विषय पुढे जात नाही." त्यांनी चष्मा काढला. "मी रोज आत येताना वाचते ते. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. तरी वाटतं, थांबली असेल कुठेतरी."

यानंतर 'ते माझं आहे, परत द्या' असं म्हणणं त्याला जमलं नाही.

"मागच्या दारासाठी 'बाबा, इथेच बसा' करता येईल का ते बघा," बाई चष्मा लावत म्हणाल्या. "हत्यारांचा माल पडून आहे."

तो तळघरात येऊन 'बाबा' लिहीत होता. वडील गेले तेव्हा तो लहान होता, हा शब्द त्याने फारसा वापरलेला नव्हता, त्यामुळे अक्षरं कितीही मोठी केली तरी ती कोणाला हाक मारतायत असं वाटेना. तेवढ्यात फोन वाजला.

"अरे," काकू म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. "माझा डोळा लागला रे. दार उघडं आहे. नाहीये ती."

तो कामगारांच्या मागच्या दाराने पळाला. पळता पळता त्याने ताईला फोन लावला. न लावता चाललं असतं. आधी शोधावं, सापडली तर सांगूच नये, हा विचार त्याच्या मनात येऊन गेला, आणि त्याच वेळी बोट ताईच्या नावावर पडलं.

"गेली," तो म्हणाला.

पलीकडे ताईच्या किल्ल्या वाजल्या. "मी निघते. दुभाजक बघ आधी."

त्याने दुभाजक बघितला. पोस्ट बघितलं. तिथला माणूस म्हणाला, "नाही आल्या, आज रांग कशी वाकडी झालीय बघा ना." त्याने औषधाचं दुकान, बसथांबा, शाळेचं फाटक, सगळं पालथं घातलं आणि शेवटी घरी आला. काकू जिन्यात बसल्या होत्या. त्यांना तो काही बोलला नाही. त्यांनीच स्वतःला बरंच काही बोलून घेतलं होतं.

घरात बाण जागच्या जागी होते. खुर्ची खिडकीशी होती. खुर्चीसमोरची पाटीही होती, तिच्यावरचं एकही अक्षर हललं नव्हतं. कपाटाच्या खुंटीवरची आईची बाहेर जायची पिशवी मात्र नव्हती. म्हणजे ती भरकटली नव्हती. ती ठरवून निघाली होती, कोणीतरी बोलावल्यासारखी.

तो खुर्चीत बसला. त्या खुर्चीत तो कधीच बसला नव्हता. पाटी लावताना उभा राहून लावली होती, आणि उभ्या माणसाला त्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते, बाकी काही नाही. बसल्यावर मात्र टाकीच्या चार पायांमधून पलीकडचं दिसत होतं. लांब, छपरांच्या मागे, निळं. तारा. त्याखाली पांढरी अक्षरं, इथूनही स्वच्छ वाचता येतील अशी. इतकी चांगली मांडणी त्याने आयुष्यात केली नव्हती.

आई, इथेच बस. मी येतोच.

इथे पाटी एक सांगत होती आणि तिथे दुसरी. 'इथे' म्हणजे नक्की कुठे, असा पेच पडल्यावर कोणीही शहाणा माणूस जे करेल तेच आईने केलं होतं. तिने मोठ्या अक्षरांचं ऐकलं.

या वेळी तो दुकानाच्या पुढच्या बाजूने आला.

बाकं भरलेली होती. मधल्या बाकावर, सगळ्यांपेक्षा ताठ, आई बसली होती. केस नीट विंचरलेले, पायांत चपला बरोबर जोडीच्या. एवढे रस्ते ती एकटी ओलांडून आली होती आणि अंगावर कुठे ओरखडाही नव्हता. तो श्वास जागेवर यायची वाट बघत थांबला. फोन वाजला.

"सापडली?" ताईने विचारलं. मागे गाडीचा आवाज येत होता.

"सापडली. दुकानापुढे बसलीये. बरी आहे."

"देवा." ताईने नाक ओढलं. मग वेगळ्या आवाजात म्हणाली, "मी वाटेतच आहे. अरे, आपलं ठरलंय."

"ठरलंय."

"तू काही बोलणार नाहीस?"

"नाही. ये तू. तिची निळी शाल घरी आहे, ती घेऊ जाताना. रात्री लागते तिला."

"बरं," ताई म्हणाली.

मग तो आईसमोर जाऊन उभा राहिला.

"नमस्कार," आई म्हणाली. "कोण हवंय आपल्याला?"

त्याने तोंड उघडलं. 'आई, मी' असं म्हणायचं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर असा निर्धास्तपणा होता, जो गेले कित्येक महिने घरात कुठल्याच पाटीने आणला नव्हता. तिला निरोप मिळाला होता, ती सांगितल्या जागी पोचली होती, आता फक्त थांबायचं होतं. तो निर्धास्तपणा मोडून आपलं नाव मध्ये घुसवणं त्याला बरं वाटेना.

"कोणी नाही," तो म्हणाला. "जरा बसू का?"

तिच्या शेजारच्या जागेवर पिशवी होती आणि पिशवीवर तिचा हात. "ही धरलीय," ती म्हणाली. "माझा मुलगा येतोय. तुम्ही पलीकडे बसा ना."

तो पलीकडे बसला. मध्ये पिशवी.

"इथेच असतो कामाला," आई आपणहून म्हणाली. "लोकांना रस्ते दाखवतो. फार माणसं चुकतात म्हणे आत."

"हो, चुकतात."

"तुमचंही कोणी यायचंय?"

"बहीण येतेय."

"बहीण असलेली बरी," आई म्हणाली. "माझ्या मुलालाही आहे. दोघं भांडतात, पण माझ्यापुढे नाही."

दरवाजातून माणसं पिशव्या घेऊन बाहेर येत होती आणि आपापली आई उचलून नेत होती. एका बाईचा मुलगा आला तेव्हा आईने तिला, "आले बघा तुमचे," म्हणून मनापासून निरोप दिला, आणि पुन्हा समोर बघू लागली. प्रत्येक चेहऱ्याकडे ती बघत होती. त्याच्याकडेही तिने एकदा वळून बघितलं, ओळख नसलेल्या माणसाशी हसतात तसं हसली आणि नजर परत दरवाजाकडे नेली.

थोड्या वेळाने एक धाप लागलेल्या आजीबाई काठी टेकत आल्या. त्यांनी बाकाकडे, पिशवीकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं.

"काय हो, ही पिशवी उचला की जरा. माणसं उभी आहेत."

आई काही म्हणायच्या आत बाणवाला उठला आणि त्याने आपली जागा आजीबाईंना दिली.

"तुम्ही इथे बसा," तो म्हणाला. "ती जागा राहू द्या. यांचा मुलगा येतोय."